फिल पॉवर कळली, भराव किती?

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार, वि. वि.

पाठीवर सामान घेऊन अनेक दिवसांची पदभ्रमंती करणाऱ्यांसाठी वृत्तपत्रांच्या पुरवण्यांतून साहित्य-खरेदीचे मार्गदर्शन अधूनमधून प्रसिद्ध होत असते आणि त्यात वजनाला अतिशय हलक्या अशा डाऊन जॅकेटांचे, म्हणजे पक्ष्यांच्या मऊ लवेचा भराव असलेल्या जॅकेटांचे, एखादे तुलनात्मक कोष्टकही असते. या कोष्टकांत साधारणपणे जॅकेटचे एकूण वजन, त्याची फिल पॉवर (आतले डाऊन किती फुगते याचा आकडा) आणि किंमत एवढ्या तीन गोष्टी दिलेल्या आढळतात. बेताच्या खर्चात चांगले जॅकेट शोधणाऱ्या माणसाला जी चौथी गोष्ट सर्वांत आधी हवी, म्हणजे जॅकेटच्या आत प्रत्यक्ष किती ग्रॅम डाऊन भरले आहे, ती मात्र बहुतेक वेळा नसते. या एका आकड्यावाचून उरलेल्या तीन आकड्यांनी वाचकाची दिशाभूल होण्याचीच शक्यता अधिक, असे माझे स्पष्ट मत आहे, आणि ते सकारण मांडण्यासाठी हे पत्र लिहीत आहे.

डाऊन म्हणजे बदकाच्या किंवा गूज जातीच्या हंसाच्या अंगावर, बाहेरच्या पिसांच्या खाली असणारी मऊ लव. पिसाला असतो तसा ताठ दांडा तिला नसतो. एका मध्यबिंदूपासून सर्व दिशांना फुटलेल्या अतिशय बारीक तंतूंचा तो एक झुपका असतो आणि असे हजारो झुपके एकमेकांत गुंतले की त्यांच्यामध्ये हवा अडकून राहते. ऊब देते ती खरे तर ही अडकलेली हवाच, कारण स्थिर हवा उष्णतेची अत्यंत मंद वाहक असते. जॅकेट किती उबदार हे त्यामुळे मुख्यतः अंगाभोवती या स्थिर हवेचा किती जाड थर उभा राहतो, यावर अवलंबून असते. हा थर म्हणजेच जॅकेटचा फुगवटा.

फिल पॉवर हा आकडा या फुगवट्याशी संबंधित असला, तरी तो जॅकेटचा नसून आत भरलेल्या मालाचा आहे, हे नेमके विसरले जाते. एक औंस, म्हणजे २८.३५ ग्रॅम डाऊन नळकांड्यात ठेवून त्यावर ठरावीक वजनाची चकती सोडली, की ते किती घन इंच जागा व्यापते, याचे ते मोजमाप होय. ८०० फिल पॉवरचे एक औंस डाऊन ८०० घन इंच, म्हणजे साधारण तेरा लिटर जागा व्यापते. आता जॅकेटवर नुसते ‘८००’ छापणे म्हणजे गाडी एका लिटरमध्ये किती किलोमीटर धावते हे मोठ्या अक्षरांत सांगून टाकीत पेट्रोल किती आहे याबद्दल अवाक्षरही न काढण्यासारखे आहे.

याचा हिशेब अगदी सोपा आहे आणि तो प्रत्येक ग्राहकाला करता येतो. समजा, एका जॅकेटात ८५० फिल पॉवरचे ६० ग्रॅम डाऊन आहे आणि दुसऱ्यात ६५० फिल पॉवरचे १०० ग्रॅम. पहिल्यातील डाऊनचा एकूण फुगवटा सुमारे १,८०० घन इंच, म्हणजे साडेएकोणतीस लिटर भरतो. दुसऱ्यातील डाऊनचा सुमारे २,३०० घन इंच, म्हणजे साडेसदतीस लिटर. दोन्ही जॅकेटांचा आकार आणि शिवण सारखी असेल, तर लेबलावर कमी आकडा मिरवणारे दुसरे जॅकेट पहिल्यापेक्षा सव्वापटीहून अधिक हवा धरून ठेवते आणि तेवढे अधिक उबदार असते. हाच हिशेब उलटा करून पाहिला, तर पहिल्या जॅकेटएवढाच फुगवटा ६५० फिल पॉवरच्या डाऊनमधून मिळवायला साडेअठ्ठ्याहत्तर ग्रॅम माल लागतो. म्हणजे दोन दर्जांमधला फरक पाठीवर आला तो फक्त साडेअठरा ग्रॅमांचा. किमतीतला फरक मात्र ग्रॅमांत मोजण्याइतका किरकोळ नसतो.

तो तसा का नसतो, यालाही कारण आहे. मोठे, भरदार झुपके वयाने वाढलेल्या, मोठ्या पक्ष्यांपासून मिळतात; मांसासाठी लहान वयात मारलेल्या पक्ष्यांचे झुपके लहान असतात. जगातील बहुतेक डाऊन हे मांस-उत्पादनाचे उपउत्पादन असल्यामुळे नऊशेच्या पुढचा माल मुळातच थोडा मिळतो आणि महाग पडतो. अशा मालाचा उपयोग नाही असे नव्हे. माँटबेल कंपनीच्या ‘प्लाझ्मा १०००’ या जॅकेटच्या नावातच फिल पॉवर आहे आणि त्याचे कापड अवघे सात डेनियरचे आहे. ज्याला सामानातला एकेक ग्रॅम कमी करायचा आहे आणि त्यासाठी पैसे मोजायची तयारी आहे, त्याच्यासाठी ते ठीकच आहे. पण ज्याचे अंदाजपत्रक मर्यादित आहे, त्याने ६५० ते ७५० या टप्प्यातला माल भरपूर प्रमाणात भरलेले जॅकेट घ्यावे. ९०० चा माल चिमूटभर भरलेल्या जॅकेटच्या मागे लागू नये. बदकाचे की गूजचे, हा प्रश्नही मग फारसा उरत नाही, कारण फिल पॉवर आणि वजन सारखे असेल तर उबेत फरक पडण्याचे कारण नाही. हलक्या प्रतीच्या, नीट न धुतलेल्या बदकाच्या डाऊनला ओल लागली की वास येतो, एवढे लक्षात ठेवले म्हणजे पुरे.

फिल पॉवरच्या आकड्याबद्दल आणखी एक सावधगिरी आवश्यक आहे. मोजणीपूर्वी नमुना कसा तयार केला, यावर हा आकडा बदलतो. डाऊन वाफेने फुलवून मोजले तर आकडा जास्त येतो, यंत्रात फिरवून कोरडे केले तर त्यापेक्षा कमी. वेगवेगळ्या देशांत वेगवेगळ्या पद्धती प्रचलित असल्यामुळे एका उत्पादकाचे ७५० आणि दुसऱ्याचे ८०० यांत खरोखरच पन्नासाचा फरक आहे, असे छातीठोकपणे सांगता येत नाही. ग्रॅमांचे तसे नाही. ग्रॅम सगळीकडे सारखाच.

एकूण वजनाचा आकडा तर फिल पॉवरपेक्षाही फसवा आहे, कारण तो कमी करण्याचा सर्वांत सोपा मार्ग आतला भराव कमी करणे हा असतो. दोनशे ग्रॅमांचे जॅकेट अडीचशे ग्रॅमांच्या जॅकेटपेक्षा ‘चांगले’ ठरवताना जर पहिल्यात पन्नास आणि दुसऱ्यात नव्वद ग्रॅम डाऊन असेल, तर आपण ऊब देणारा भाग काढून टाकणाऱ्याला बक्षीस देत आहोत. त्यापेक्षा एकूण वजनात भरावाचा वाटा किती, हे पाहणे कितीतरी अधिक बोलके ठरते. या वर्गातल्या जॅकेटात तो एकतृतीयांशाच्या आसपास असेल तर रचना उत्तम समजावी. पंचमांशावर आला असेल, तर उरलेले वजन कापड, चेन, खिसे आणि शोभा यांवर खर्च झाले आहे, हे ओळखावे.

कापडाबद्दल थोडे सविस्तर लिहिणे भाग आहे, कारण काटकसर करायला खरी जागा तिथे आहे. नऊ हजार मीटर धाग्याचे ग्रॅममधले वजन म्हणजे डेनियर. अतिहलक्या जॅकेटांचे नायलॉन सात, दहा, पंधरा किंवा वीस डेनियरचे असते. सात-दहा डेनियरचे कापड हातात घेतले की माणूस हरखून जातो. पण तेच कापड खडकाला घासले, काटेरी झुडपात अडकले किंवा सॅकच्या बकलात सापडले की फाटते. वीस डेनियरचे कापड त्यामानाने बरेच दणकट असते आणि स्वस्तही असते, आणि पूर्ण जॅकेटमागे त्याने वाढणारे वजन साधारण पंचवीस-तीस ग्रॅमांच्या घरातले. ज्याला एकच जॅकेट घेऊन ते वर्षानुवर्षे वापरायचे आहे, त्याने हे ग्रॅम आनंदाने वाहावेत. मात्र कापड विणीने घट्ट हवे. झुपके बाहेर पडू नयेत म्हणून चांगल्या कापडाला उष्णता आणि दाब देऊन त्याची छिद्रे आवळलेली असतात. हे नीट झाले नसेल तर पहिल्या काही वापरांतच आतल्या कपड्यांवर पांढरी लव दिसू लागते.

खिसे, दोऱ्या आणि चेन यांचा हिशेब झटपट उरकता येण्याजोगा आहे. हात ठेवायला दोन खिसे पुरेत, त्यांपैकी एकातच जॅकेट गुंडाळून बसत असेल तर वेगळी पिशवी लागत नाही, आणि मनगटाला साधे इलॅस्टिक असले तरी चालते. टोपीविषयी, म्हणजे हूडविषयी, माझे मत जरा ठाम आहे. तिने तीस-चाळीस ग्रॅम वाढतात आणि थोडी किंमतही वाढते, म्हणून काटकसरी ग्राहक आधी तिच्यावरच काट मारतो. पण मान आणि डोके उघडे ठेवून धडाभोवती कितीही डाऊन गुंडाळले, तरी विश्रांतीच्या वेळी थंडी वाजायची ती वाजतेच. शिवाय टोपी असलेले जॅकेट रात्री स्लीपिंग बॅगेत घालून झोपता येते, त्यामुळे तुलनेने हलकी बॅग नेऊन भागवता येते. वाचवायचेच असेल तर खिशांवर वाचवावे.

शिवणीचा मुद्दा यापेक्षा महत्त्वाचा. आतले डाऊन एका जागी गोळा होऊ नये म्हणून जॅकेटचे कप्पे पाडतात. बाहेरचे कापड थेट अस्तरालाच शिवून टाकले की कप्पे स्वस्तात आणि कमी वजनात तयार होतात, पण प्रत्येक शिवणीच्या रेषेवर फुगवटा शून्य होतो आणि तिथून थंडी आत येते. दोन कापडांच्या मध्ये जाळीच्या उभ्या पट्ट्या लावून पेटीसारखे कप्पे केले, तर हा दोष राहत नाही; मात्र वजन, श्रम आणि किंमत वाढते. अतिहलकी जॅकेटे जवळजवळ सगळी पहिल्या प्रकारची असतात आणि त्यात वावगे काही नाही. फक्त एवढे पाहावे, की कप्पे फार अरुंद नसावेत. दोन-दोन बोटांच्या अंतरावर शिवणी असलेले जॅकेट दिसायला नेटके असले, तरी त्याच्या अंगावर थंडीला वाटा जास्त असतात आणि बारीक कप्प्यांत डाऊनला फुलायला जागाही मिळत नाही.

इथे थोडे विषयांतर करण्याचा मोह आवरत नाही. १९२२ च्या एव्हरेस्ट मोहिमेत जॉर्ज फिंच या रसायनशास्त्रज्ञ गिर्यारोहकाने हवेत उडणाऱ्या मोठ्या फुग्यांच्या हलक्या कापडात आयडर बदकाचे डाऊन भरून, रजईसारखा शिवलेला कोट नेला होता. लोकरीचे आणि ट्वीडचे कपडे घालणाऱ्या सहकाऱ्यांनी आधी त्याची थट्टा केली, पण थंडीने गाठल्यावर त्याच कोटाचा त्यांना हेवा वाटू लागला. पुढे १९३६ मध्ये अमेरिकेत एडी बाउअर यांनी रजईसारखी शिवण असलेले ‘स्कायलायनर’ हे जॅकेट बनवले आणि १९४० मध्ये त्याचे पेटंट मिळवले. शंभर वर्षांत कापड बदलले, वजन घटले, रंग भडक झाले. मूळ रचना मात्र तीच आहे, दोन पातळ कापडे आणि मधे पुरेसे डाऊन. ‘पुरेसे’ म्हणजे किती, हे फिंच यांना ठाऊक होते, कारण तो कोट त्यांनी स्वतः बेतून घेतला होता. तयार जॅकेट घेणाऱ्याला ते कुणीतरी सांगावे लागते.

हे जॅकेट कशासाठी घ्यायचे, याबाबतही बराच गोंधळ दिसतो. स्वस्थ बसलेल्या माणसाचे शरीर साधारण शंभर वॉट उष्णता निर्माण करते. पाठीवर ओझे घेऊन चढ चढताना हाच आकडा चार-पाचपट होतो. म्हणून चढताना डाऊन जॅकेट घालणे हा बहुतेक वेळा घामाघूम होण्याचा खात्रीचा मार्ग आहे, आणि तो घाम वाफेच्या रूपाने डाऊनमध्ये जाऊन तिथे मुरतो. चालताना लोकरीचा थर, पातळ फ्लीस किंवा वाराप्रतिबंधक जॅकेट वापरावे आणि थांबल्याबरोबर, अंग गार पडण्याआधीच, डाऊन अंगावर चढवावे. मुक्कामावर, पहाटे तंबू आवरताना, विश्रांतीच्या थांब्यावर आणि झोपेत, एवढ्याच वेळी त्याचा उपयोग आहे. हे एकदा मान्य केले की जॅकेटचे कापड घाम बाहेर सोडणारे आहे की नाही, बाह्या हालचालीला मोकळ्या आहेत की नाहीत, अशा जाहिरातींतल्या कित्येक गुणांचे महत्त्व आपोआप कमी होते आणि त्यांसाठीचे जादा पैसेही वाचतात.

लेबलावर ‘उणे दहा अंशांपर्यंत’ असा जो तापमानाचा आकडा असतो, त्यावर विसंबू नये. स्लीपिंग बॅगेचे तापमान मोजण्यासाठी आयएसओ २३५३७ हे प्रमाण आहे आणि त्यानुसार तपासलेल्या दोन बॅगांची तुलना करता येते. पदभ्रमंतीच्या डाऊन जॅकेटांवरचे आकडे मात्र असे एकाच मापाने मोजलेले नसतात. माणूस बसलेला आहे की चालतो आहे, आत किती थर घातले आहेत, वारा किती आहे, हे सांगितल्याशिवाय त्या आकड्याला अर्थ नाही आणि ते सहसा सांगितलेले नसते. अशा स्थितीत दोन जॅकेटांची तुलना करण्यासाठी ग्राहकाच्या हाती फिल पॉवर आणि भरावाचे वजन यांचा गुणाकार हेच त्यातल्या त्यात प्रामाणिक साधन उरते.

ओलाव्याचा प्रश्न येतो तेव्हा डाऊनचा कैवार मलाही पूर्णपणे घेता येत नाही. भिजलेले झुपके एकमेकांना चिकटतात, फुगवटा बसतो आणि ऊब जवळजवळ नाहीशी होते. सतत पाऊस, धुके किंवा दमट हवा असलेल्या भागात अनेक दिवस राहायचे असेल, तर कृत्रिम तंतूंचा भराव असलेले जॅकेट अधिक भरवशाचे. त्यातला प्रसिद्ध ‘प्रायमालॉफ्ट’ हा भराव मुळात १९८० च्या दशकात अमेरिकी लष्कराला डाऊनला पर्याय हवा होता म्हणून विकसित झाला. तो ओला झाल्यावरही बरीच ऊब टिकवतो आणि लवकर वाळतो. पण तेवढ्याच उबेसाठी वजन जास्त लागते आणि वारंवार दाबून भरल्यामुळे त्याचा फुगवटा काही वर्षांत कायमचा कमी होतो. डाऊनला नीट जपले तर ते त्यापेक्षा कितीतरी जास्त काळ टिकते, म्हणून आरंभीची किंमत अधिक असूनही कोरड्या थंडीत फिरणाऱ्याला तेच अखेरीस स्वस्त पडते.

पाणी न शोषणारी प्रक्रिया केलेले डाऊन हल्ली बऱ्याच जॅकेटांत असते. त्याने डाऊन भिजायला वेळ लागतो आणि ते वाळतेही लवकर, हे खरे. पण त्यामुळे जॅकेट पावसात घालण्याजोगे होते, असा समज कुणी करून घेऊ नये. बाहेरच्या कापडावर पाण्याचे थेंब ओघळून जावेत म्हणून दिलेला लेपही कालांतराने उतरतो. या लेपांत पूर्वी सर्रास फ्लोरिनयुक्त रसायने असत, ती निसर्गात विघटित होत नसल्यामुळे आता मागे पडत आहेत आणि कॅलिफोर्नियासारख्या राज्याने १ जानेवारी २०२५ पासून अशा नव्या कपड्यांच्या विक्रीवर कायद्याने निर्बंध घातले आहेत. पाऊस अडवायचे काम वरच्या रेन जॅकेटवर सोपवावे आणि डाऊन सॅकमध्ये पाणी न शिरणाऱ्या पिशवीत ठेवावे, हे या सर्व प्रक्रियांपेक्षा कमी खर्चाचे आणि जास्त उपयोगी आहे.

आता, भरावाचे वजन जिथे दिलेले नाही तिथे ग्राहकाने काय करावे? पहिली गोष्ट, आतल्या शिवणीला लावलेली घटकांची चिठ्ठी वाचावी. तिच्यावर डाऊन आणि पिसे यांचे प्रमाण असते. नव्वदास दहा किंवा त्याहून चांगले असेल तर उत्तम, ऐंशीस वीसही कमी किमतीत चालून जाते, पण ‘पिसे’ हाच मुख्य घटक असेल किंवा चिठ्ठीवर केवळ ‘पॉलिएस्टर’ लिहिलेले असेल तर बाहेरच्या टॅगवर काहीही छापलेले असो, ते जॅकेट या वर्गातले नव्हे. दुसरी गोष्ट, जॅकेट दाबून भरलेले असेल तर बाहेर काढून, झटकून, शक्य तितका वेळ मोकळे ठेवावे आणि मग सपाट पसरून छाती, पाठ आणि बाही या तिन्ही ठिकाणी कप्प्याच्या मध्यावर पट्टी उभी धरून जाडी मोजावी. छातीवर भरगच्च आणि बाह्यांत रिकामे, असे जॅकेट पुष्कळदा आढळते. तिसरी गोष्ट, ते उजेडासमोर धरावे. कप्प्यांमध्ये डाऊन सारखे पसरले आहे की कोपऱ्यांत गोळे होऊन मधला भाग पारदर्शक राहिला आहे, हे लगेच दिसते. कापडावरून बोट फिरवताना टोचणारे दांडे खूप लागले, तर पिसांचे प्रमाण चिठ्ठीवर लिहिले आहे त्यापेक्षा जास्त असावे, अशी शंका घ्यायला हरकत नाही.

मापाच्या बाबतीत एवढेच सांगावेसे वाटते, की अंगाला चिकटून बसणारे डाऊन जॅकेट घेऊ नये. आत एक-दोन थर घातल्यावरही ते सैल राहिले पाहिजे आणि त्यावरून रेन जॅकेट घातले तरी ते दाबले जाता कामा नये, कारण दाबलेल्या डाऊनमध्ये हवा नसते आणि हवा नसली की ऊब नसते. आरशात ऐटबाज दिसणारे माप मुक्कामाच्या ठिकाणी बहुधा एका आकाराने लहान ठरते.

पक्ष्यांच्या वागणुकीचा प्रश्नही किमतीच्या नावाखाली बाजूला टाकू नये. जिवंत पक्ष्यांची पिसे उपटणे आणि त्यांना बळजबरीने खाऊ घालणे, या दोन्ही प्रथांना मनाई करणारे ‘रिस्पॉन्सिबल डाऊन स्टँडर्ड’ हे प्रमाणपत्र २०१४ मध्ये सुरू झाले. द नॉर्थ फेस या कंपनीने टेक्स्टाइल एक्सचेंज आणि कंट्रोल युनियन या संस्थांच्या साहाय्याने ते तयार केले. आता ते अनेक उत्पादक वापरतात आणि बेताच्या किमतीच्या जॅकेटांवरही ते आढळते. त्यामुळे ‘स्वस्तात एवढे कुठून मिळणार’ ही सबब पूर्वीइतकी टिकत नाही.

निगा हा खर्चाचाच भाग आहे, म्हणून त्याबद्दल दोन शब्द. घरी आल्यावर जॅकेट दाबून भरलेल्या पिशवीत ठेवू नये, मोकळे टांगावे. घाम आणि अंगाचे तेल यांनी डाऊन हळूहळू बसते. वापरून चपटे झालेले जॅकेट ‘संपले’ असे समजून टाकून देणारे लोक आहेत, पण डाऊनसाठीच्या सौम्य साबणाने, पुढून उघडणाऱ्या यंत्रात धुऊन, पुन्हा पुन्हा खळबळून साबण पूर्ण काढून टाकला आणि मंद आचेच्या ड्रायरमध्ये दोन-तीन स्वच्छ टेनिस चेंडूंसह पूर्ण वाळेपर्यंत फिरवले, तर फुगवटा बऱ्याच अंशी परत येतो. वाळायला काही तास लागतात. वरून कोरडे वाटले तरी आत ओलसर गोळे राहतात, म्हणून घाई करू नये. बारीक भोक पडले तर नायलॉनची चिकटपट्टी लावावी. एखादा दांडा कापडातून डोकावला तर तो बाहेर ओढू नये, आतल्या बाजूने चिमटीत धरून मागे घ्यावा. बाहेर ओढला की भोक मोठे होते आणि त्याच्यामागून लव यायला लागते. शेकोटीपासून मात्र दूर बसावे, कारण या कापडाला ठिणगीचे भोक पडायला क्षणही लागत नाही. आणि जुने जॅकेट कमी किमतीत घ्यायची संधी आली, तर या धुण्याच्या उपायामुळे ती नाकारण्याचे कारण उरत नाही, फक्त कापड विरलेले नसावे.

भरावाचे वजन सांगणे उत्पादकांना अवघड आहे, असे कुणी म्हणेल तर ते पटण्यासारखे नाही. स्लीपिंग बॅगांच्या बाबतीत ते नेमाने दिले जाते, आणि रॅबसारखे काही उत्पादक जॅकेटांच्या बाबतीतही देतात. कारखान्यात प्रत्येक कप्प्यात किती ग्रॅम भरायचे हे आधी ठरवलेले असते; त्यांची बेरीज टॅगवर छापायला जो काही त्रास पडत असेल, तो फिल पॉवरचा आकडा छातीवर भरतकामात मिरवण्याच्या त्रासापेक्षा नक्कीच कमी असणार.

तेव्हा आपल्या पुरवणीत यापुढे अशी तुलना प्रसिद्ध होईल, तेव्हा प्रत्येक जॅकेटपुढे भरावाचे वजन द्यावे आणि ते कोणत्या मापाचे आहे हेही लिहावे, कारण मध्यम मापातला भराव आणि मोठ्या मापातला भराव एक नसतो. एका कंपनीचे मध्यम आणि दुसरीचे मोठे असे आकडे शेजारी छापले गेले, तर तुलना पुन्हा फसवीच होईल. ज्या कंपनीने विचारूनही हा आकडा दिला नाही, तिच्या नावापुढचा चौकोन कृपया मोकळा सोडू नये. तिथे ‘कंपनीने सांगितले नाही’ असे स्पष्ट छापावे.

आपला,
एक नियमित वाचक